स्लो

अंकुश झांबऱ्यांनी पाचगणीहून आणलेली ती गाडी,
टेबललँडवर नऊ वर्षं पर्यटकांना
गोल गोल फिरवून दमलेली,
चार जाड चाकं, डाव्या मडगार्डला चीर.
सावळजच्या द्राक्षबागेत ब्लोअर ओढील म्हणून घेतली
आणि पहिल्याच सकाळी तिसऱ्या सरीत बसली.

"चोक ओढला की चालती,
चोक सोडला की मरती,"
झांबरे मला सांगतात,
कारण दस्तगीर मिस्त्रींच्या कानांनी
गेल्या दिवाळीपासून माणसांचं ऐकणं सोडलंय.
मी हवेतच चोक ओढून दाखवते,
मग मूठ उघडते आणि मान टाकते.
मिस्त्री हसतात.
"उपाशी हाय ती. वारं लय, पेट्रोल कमी."

कार्बोरेटर आईच्या जुन्या परातीत उघडला.
वाटीच्या तळाला लाल गाळ.
आमच्या मणेराजुरीची माती काळी,
ही त्या वरच्या पठाराची,
पेट्रोलमधून इथवर उतरलेली.
स्लो जेट उजेडाला धरला.
भोकातून आभाळाचा एक ठिपका दिसायला हवा,
नव्हता.

मी तांब्याची तार उचलली
तर मनगटावर चापट बसली.
"तारेनं भोक मोठं हुतंय.
मोठं झालेलं भोक बारीक करायला
कुणाच्या बापाला जमत न्हाई."
मग जुन्या टूथब्रशचा एक केस,
अर्धा कप रॉकेल,
आणि मिस्त्रींचं ते घाई न करणं,
जे मिरजेच्या आयटीआयत
कुठल्याच प्रॅक्टिकलला नव्हतं.

आला ठिपका. निळा.
हवेचा स्क्रू बसेपर्यंत आत, मग दीड आटे बाहेर.
गाडी चोकशिवाय राहिली.
झांबऱ्यांनी पाकीट काढलं.
आठव्या मिनिटाला ती मेली.
पाकीट परत आत गेलं.

त्यानंतरचे तीन दिवस सांगण्यासारखे नाहीत.
प्लग बदलला. फ्लोट पाण्यात बुडवून बघितला.
रबराच्या गळ्यावर ब्रशनं पेट्रोल लावलं,
कुठं वारं ओढतंय का म्हणून;
रेस हलली नाही.
रस्त्यापलीकडच्या बेदाण्याच्या शेडमधून
गंधकाचा धूर यायचा आणि मी खोकायची.
वहीतली यादी संपली,
वही तेवढी तेलकट झाली.

चौथ्या दिवशी मेलेल्या गाडीच्या टाकीचं झाकण
मिस्त्रींनी सहज फिरवलं,
पेट्रोल किती उरलंय बघायला,
आणि टाकीनं श्वास आत ओढला.
इतका बारीक,
झोपेत लहान पोर हुंदका देतं तसा.
त्यांना ऐकू आला नाही.
मला आला.

झाकणाची वाऱ्याची नळी हँडलच्या दांड्यात गेलेली.
ओढून काढली.
टोकाला कुंभारमाशीनं मातीची खोली बांधलेली,
लाल मातीची,
लिंपलेली अशी की बोटाला कड लागेना.
फोडली. आत वाळलेले सात कोळी,
पिलासाठी साठवलेले.
सगळे तसेच. अंडं फुटलंच नसणार.

मिस्त्रींनी ते ढेकूळ तळहातावर घेतलं
आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग फळीवर ठेवलं,
बाद जेटच्या बरणीशेजारी.

स्लो लावायला त्यांनी टाकीवर पंजा टेकला,
डोळे मिटले, स्क्रू फिरवला.
"बास."
मला वाटलं, अजून पाव आटा.
ओरडून उपयोग नव्हता,
मी त्यांच्या कोपराला हात लावला.
त्यांनी डोळे उघडले
आणि पेचकस माझ्या हातात दिला.

साडेसातशे झाले. झांबऱ्यांनी सातशे दिले
आणि चहा सांगितला.
गाडी कुणी बंद केली नाही.
मिस्त्रींनी आपला पेला सीटवर ठेवला;
चहावर बारीक बारीक गोल उठत राहिले,
एकामागं एक, सारख्या अंतरानं.
ते पीत नव्हते, बघत होते.

एक गोल चुकला.
त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.
मी आधीच उठले होते.